गोरेपणाच्या ट्यूबमध्ये दडलंय काय?

लग्नसराईत ठाण्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल या स्टिरॉइड औषधांच्या ट्यूबा 'गोरं व्हायला' म्हणून चिठ्ठीशिवाय मागितल्या जातात. सावळ्या आणि गोऱ्या त्वचेत रंगपेशी जवळपास सारख्याच असतात. फरक मेलॅनिन या रंगद्रव्याच्या कणांच्या आकाराचा, प्रमाणाचा. हे कण पेशीकेंद्रकावर छत्रीसारखे बसून अतिनील किरण अडवतात. 'मुलगी उजळ हवी' म्हणणारे नेमकी हीच छत्री काढायला सांगतात, याची चीड येते. ट्यूबने चेहरा आधी उजळतो, मग कातडी पातळ होते, लालसर शिरा उठून दिसतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते. वेष्टनावर उभी लाल रेघ असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. महिनोन्महिने लावत असाल तर एकदम थांबवू नका, चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. त्वचारोगतज्ज्ञ मात्रा हळूहळू उतरवतात.

– एक त्वचारोगतज्ज्ञ, नौपाडा, ठाणे