पुनर्चक्रीकरणाच्या बातम्यांमधील अटीही छापाव्यात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्लास्टिकवरील नव्या संशोधनाच्या बातम्या आवर्जून छापल्या जातात, हे स्वागतार्ह आहे. मात्र त्या यशामागील अटीही वाचकांपर्यंत पोहोचायला हव्यात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, २०१५ पर्यंतच्या एकूण प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के कचऱ्याचे पुनर्चक्रीकरण झाले होते. प्लास्टिक वितळवताना त्यातील रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात आणि प्रत्येक फेरीत त्याचा दर्जा घसरतो, ही खरी अडचण आहे.

म्हणूनच विकरांचा, म्हणजे प्लास्टिकच्या साखळ्या मूळ घटकांपर्यंत तोडणाऱ्या प्रथिनांचा (एन्झाइम) मार्ग मला सर्वांत आश्वासक वाटतो. पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) पचवणाऱ्या, जपानमध्ये सापडलेल्या जिवाणूची माहिती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी सुधारित विकराच्या साह्याने १० तासांत किमान ९० टक्के पीईटीचे मूळ घटकांत विघटन करून दाखवले. परंतु त्यासाठी प्लास्टिकवर आधी प्रक्रिया करून त्याची भुकटी करावी लागली आणि तापमान ७२ अंश सेल्सिअस ठेवावे लागले. तापवल्यावर आपले रासायनिक बंध अदलाबदल करून पुन्हा आकार घेणारी, २०११ पासून ज्ञात असलेली व्हिट्रिमर ही प्लास्टिकच्या प्रकारची स्मार्ट सामग्रीही तितकीच मोलाची आहे.

पीएलए या वनस्पतीजन्य प्लास्टिकसारख्या ‘कंपोस्टेबल’ (कुजून खत होणाऱ्या) प्लास्टिकबाबत तर फार गैरसमज आहेत. औद्योगिक कंपोस्टमधील सुमारे ६० अंशांची उष्णता मिळाली नाही, तर ते मातीत किंवा समुद्रात वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. विघटन कोणत्या तापमानाला आणि किती काळात होते, हे अशा प्रत्येक वेष्टनावर ठळकपणे छापणे उत्पादकांना बंधनकारक करावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक नियमित वाचक