काकूंच्या गोळ्या

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काकू रुग्णालयातून घरी आल्या हे वाचून बरं वाटलं. कुठली गोळी किती वाजता, याचा तक्ता तू मागितला आहेस. तो वेगळ्या कागदावर जोडला आहे, पण खरं सांगू? मला तक्त्याची थोडी धास्तीच वाटते. एकदा तो भिंतीवर लागला की घरातले सगळे त्याच्याकडे बघायला लागतात आणि माणसाकडे बघायचं राहून जातं. वॉर्डात आम्हीही औषधं वेळेवरच देतो, पण दोन वेळांच्या मधे काय दिसलं यावर सगळं असतं. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी एक काम कर. घरातली झाडून सगळी औषधं एका जागी ओत: दाखल व्हायच्या आधीची, कपाटातली, पर्समधली, कोणी प्रेमाने आणून दिलेल्या ताकदीच्या गोळ्यासुद्धा. मग डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवून एकेक पाकीट ताडून बघ. कंपनीने दिलेलं मोठं नाव वाचू नकोस, त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते वाच. रुग्णालयात बऱ्याचदा जुन्या गोळीच्या जागी तेच औषध दुसऱ्या नावाने येतं. घरी आल्यावर जुनीही चालू राहते, नवीही. बीपीच्या गोळीचं असं झालं की माणूस उठून बाथरूमकडे निघतो आणि वाटेतच कोसळतो. कार्डावर नसलेली पाकिटं वेगळ्या पिशवीत भर, पुढच्या तपासणीला ती डॉक्टरांना दाखव आणि मगच त्यांचं काय ते ठरव.

आता हृदयाचं. काकूंचं हृदय कमजोर झालंय, म्हणजे शरीरात पाणी साठतं. फ्युरोसेमाइड नावाची लघवीची गोळी ते बाहेर काढते, म्हणून ती सकाळी द्यायची. रात्री दिलीस तर झोपही जाईल आणि अंधारात उठताना पडायची भीती. पण गोळी पुरते आहे की नाही, हे कसं कळणार? पायाची सूज दिसेपर्यंत थांबू नकोस, तोवर बरंच पाणी साठलेलं असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन घे आणि लिहून ठेव. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. रात्री एका उशीच्या दोन उशा लागायला लागल्या, आडवं झालं की खोकला सुरू झाला, तरीही तसंच. लोक याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात, त्याचा मला फार राग येतो.

शुगरचं थोडं फसवं आहे. तू लिहिलेल्या यादीत ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी आहे आणि मेटोप्रोलॉल ही हृदयाची गोळीही. पहिल्या गोळीने शुगर फार खाली जाऊ शकते. तेव्हा एरवी छाती धडधडते, हात थरथरतात, पण मेटोप्रोलॉल नेमकी हीच लक्षणं झाकून टाकते. घाम मात्र येतो. तेव्हा काकूंना दरदरून घाम फुटला, त्या उगाच चिडल्या किंवा असंबद्ध बोलायला लागल्या, तर आधी शुगर तपास. ७०च्या (मिग्रॅ/डेसिलिटर) खाली असेल आणि गिळता येत असेल तर साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार लहान चमचे, पाण्यात घालून दे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपास. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नकोस, थेट रुग्णवाहिका बोलाव. ज्या दिवशी त्या जेवणार नाहीत किंवा उलट्या-जुलाब होतील, त्या दिवशी कुठल्या गोळ्या थांबवायच्या हे डॉक्टरांना आत्ताच विचारून लिहून घे. तो दिवस आला की डोकं चालत नाही. मेटोप्रोलॉल मात्र विचारल्याशिवाय अचानक बंद करू नये, ते हृदयाला महागात पडतं.

गुडघे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी परस्पर देऊ नकोस. त्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडावरही भार टाकतात. आठवडाभर लघवीच्या गोळीने कमावलेलं सगळं जातं. आणि ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठसुद्धा विचारल्याशिवाय नको. त्यात बरेचदा पोटॅशियम घातलेलं असतं, आणि काकूंना हृदयासाठी चालू असलेल्या रॅमिप्रिल व स्पायरोनोलॅक्टोन या दोन्ही गोळ्यांनी पोटॅशियम वाढतंच. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन देऊ नकोस, हे तुला माहीतच असेल.

काकू गोळ्या ‘चुकवतात’ अशी तुझी तक्रार आहे. त्यात त्या एकट्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली लिहून ठेवलंय की विकसित देशांतसुद्धा जुनाट आजारांचे साधारण निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषधं घेतात. रागावण्याआधी कारण विचार. बाहेर जायचं असलं की लघवीची गोळी टाळणारे कितीतरी जण मी पाहिलेत, कारण वाटेत सोय नसते. बाहेर तमाशा नको म्हणून माणूस दम लागणं पत्करतो. तसंच असेल तर डॉक्टरांना विचारून त्या दिवसापुरती वेळ पुढे ढकलता येते. आणि गोळ्यांची आठवड्याची डबी काकूंनाच भरू दे, तू फक्त शेजारी बसून बघ. ज्या बाईने आयुष्यभर सगळ्यांचं केलं, तिच्या तळहातावर गोळ्या मोजून ठेवल्या तर ती तोंड फिरवणारच.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो दोन्ही बाजूंनी पाठव, मागच्या पानावर हाताने लिहिलेलं बरंच काही असतं. या आठवड्यात मला रात्रपाळी आहे, तेव्हा फोन दुपारी चारनंतर कर. काकूंना नमस्कार.

तुझाच,
मित्र