दोन सुतांचा हिशोब

ताई,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि विषय मेथीच्या भाजीवर नेता. इथे तशी सोय नाही.

गेल्या जानेवारीत लिंकनच्या वाचनालयातल्या त्या गटात तुम्ही मला जवळजवळ ओढत नेलंत. दर महिन्याला एक ब्लॉक, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेला चौकोन, वर्षात बारा, शेवटी सगळे जोडून एक क्विल्ट, इथली गोधडी. मी म्हटलं, "मला साधं बटण लावता येत नाही." तुम्ही म्हणालात, "बटण लावायचंच नाहीये." नेब्रास्कातला जानेवारी, बाहेर रस्ते गोठलेले. घरी बसून तरी काय करणार होते?

खरं सांगू, मनात थोडा ताठा होता. आमच्या घरी आजीच्या हातच्या गोधड्या होत्या. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची आणि कडेने धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचं. मोजपट्टी नाही, की नकाशा नाही. मग दुकानातून कोरं कापड आणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि तेच पुन्हा जोडायचे, हा कसला उद्योग? (अजूनही अधूनमधून वाटतं.)

जानेवारीचा नाइन पॅच, नऊ चौकोनांचा, झोकात पार पडला. फेब्रुवारीही निभावला. मार्चच्या फ्लाइंग गीजमध्ये, म्हणजे उडत्या हंसांसारख्या त्रिकोणांच्या ब्लॉकमध्ये, तिरक्या कापलेल्या कडा मी इस्त्रीने ओढून ओढून अशा लांबवल्या, की त्या गीज एकीकडे कलल्या. "इस्त्री फिरवू नकोस, टेकव आणि उचल," एवढंच तुम्ही म्हणालात.

आणि मग एप्रिल. लॉग केबिन, म्हणजे ओंडक्यांचं घर. मधे दोन इंचांचा लाल चौकोन, म्हणजे घरातली पेटती चूल, असं इथल्या बायका सांगतात. भोवती सव्वा-सव्वा इंचाच्या पट्ट्या, एका अंगाला फिक्या, दुसऱ्या अंगाला गडद. सगळं शिवून झाल्यावर ब्लॉक साडेबारा इंच भरायला हवा होता. माझा साडेअकरा. मी दोनदा मोजला आणि पट्टीलाच दोष दिला.

आपल्याकडची कुठलीही काकू असती, तर म्हणाली असती, "दे इकडे." तुम्ही माझा ब्लॉक हातातसुद्धा घेतला नाहीत. दीड इंच रुंदीच्या तीन चिंध्या पुढे टाकल्यात आणि म्हणालात, शेजारी शेजारी जोड आणि मधली मोज. मधली बरोबर एक इंच यायला हवी होती. तुम्ही विचारलंत, "किती सूत?"

तुमच्या वडिलांच्या सुतारकामातला तो शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. इंचाचे आठवे आणि सोळावे भाग माझ्या डोक्यात कधी शिरले नव्हते. सूत म्हटल्याबरोबर शिरले. इंचाला आठ सूत. मधली पट्टी आठ सूत हवी, माझी भरली सात. म्हणजे कडेपासून पाव इंचावर, दोन सुतांवर घालायची शिवण मी अडीच सुतांवर घालत होते. त्या जादा अर्ध्या सुताने एका शिवणीला दोन्ही तुकड्यांतून मिळून एक सूत खाल्लं. लॉग केबिनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवणी आठ. आठ सूत, एक इंच, गेला! नाइन पॅचमध्ये आडव्या शिवणी दोनच, त्यामुळे तिथला पाव इंच कुणाच्या लक्षात आला नाही, माझ्या तर मुळीच नाही. पट्ट्या मी शिवून झाल्यावर लांबीला कापत होते, म्हणून लॉग केबिननेही शेवटपर्यंत चुगली केली नाही.

मशीनवर चिकटपट्टीचे चार थर एकावर एक लावून तुम्ही कापडाला टेकायला कड करून दिलीत. तीही दोन सुतांच्या केसभर आत, कारण घडीत आणि दोऱ्यातही थोडं कापड जातं. मग चहा टाकलात. मी संध्याकाळभर उसवत बसले आणि मनातल्या मनात तुम्हाला बोल लावत होते. आज त्याच संध्याकाळचे आभार मानते आहे. वर्षभरात तुम्ही माझ्यासाठी एकही टाका घातला नाहीत.

मे महिन्यात तुम्ही मला आपल्याच गावातल्या इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियममध्ये नेलंत. 1997 साली एका जोडप्याने दिलेल्या साडेनऊशेच्या आसपास क्विल्ट्सवर ते उभं राहिलं, आणि मी इतकी वर्षं त्याच्यासमोरून नुसती गाडी नेत होते. जुन्या लॉग केबिनमध्ये मागे साधं कापड धरून त्यावर पट्ट्या शिवत, हे तुम्ही तिथेच सांगितलंत. एप्रिलमध्ये का नाही सांगितलंत, हे विचारायचं राहिलंच आहे.

पुढच्या महिन्यांचं फार काही सांगण्यासारखं नाही. सप्टेंबरच्या ड्रंकर्ड्स पाथमध्ये, म्हणजे दारुड्याच्या वाटेत, गोलाईची शिवण होती आणि ती नावाप्रमाणेच गेली.

एका गोष्टीवर मात्र मी रुसले होते. आजीच्या लुगड्याचा तुकडा मला लाल चौकोनासाठी हवा होता. तुम्ही नको म्हणालात. विरलेलं कापड नव्या कापडात शिवलं, तर पहिल्यांदा तेच फाटेल. बरोबर होतं. लुगडं पेटीतच आहे.

डिसेंबरात बारा ब्लॉक दोन-दोन इंचांच्या पट्ट्यांनी जोडले. चव्वेचाळीस बाय अठ्ठावन्न इंच, टीव्हीपुढे पायांवर घेण्यापुरता. कापूस आणि अस्तर लावल्यावर गटातल्या सगळ्या म्हणाल्या, मधून सुरुवात कर आणि बाहेर जा, म्हणजे चुण्या कडेला निघतात. मी आजीसारखी कडेने आत आले. मधोमध फुगा आला आहे, हाताला लागतो. तुम्ही त्यावरून बोट फिरवलंत आणि काहीच म्हणाला नाहीत. उसवणार नाही, हे तुम्हाला कळलं असावं.

तुमची सहा बाय चोवीसची मोजपट्टी एप्रिलपासून माझ्याकडेच आहे. शनिवारी आणून देते. मेथी निवडायला बसू.

तुमची,
शेवटच्या टेबलावरची