उजनीच्या माशांचे यकृतही तपासा

मा. संपादक,

उजनीत मासे मरून तरंगले की बातमी होते, पाण्याचे नमुने जातात आणि चार दिवसांत विषय मिटतो. मासे असे एकदम मरतात ते बहुधा पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळे. मला जास्त धास्ती वाटते ती भिगवणच्या बाजारात टोपलीत फडफडणाऱ्या, तजेलदार माशाची.

मी प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका. पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. त्या पट्ट्यात धातूंवर मुलामा चढवणारे कितीतरी छोटे कारखाने आहेत. क्रोमियम, निकेल, कॅडमियम प्रक्रियेविना नदीत सुटले तर ते कुजत नाहीत. धरणाच्या संथ पाण्यात गाळाबरोबर तळाशी बसतात. उजनीत सर्वाधिक सापडणारी चिलापी शेवाळाबरोबर हाच गाळ चिवडून खाते.

धातूचा पहिला मार बसतो कल्ल्यांवर. त्यांची नाजूक पाती सुजतात, एकमेकांना चिकटतात, वर चिकट स्राव साचतो. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. कॅडमियम तर कॅल्शियमच्याच वाटेने कल्ल्यांतून आत शिरते. मग यकृत एका खास प्रथिनाने त्याला बांधून ठेवते. बांधून ठेवते, म्हणजे साठवते! ही ताकद संपली की यकृताच्या पेशी मरू लागतात, मूत्रपिंडाच्या नलिका झिजतात. मासा मात्र पोहत असतो, जाळ्यातही येतो.

म्हणून केवळ पाणी तपासून भागणार नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि मत्स्यव्यवसाय विभागाने दर हंगामात चिलापी, मरळ, कटला यांचे कल्ले, यकृत, मूत्रपिंड आणि मांस वेगवेगळे तपासावे. कॅडमियम आणि शिसे मांसात त्या मानाने कमी उतरते. पारा मात्र मांसातच मुरतो आणि मरळीसारख्या शिकारी माशात वाढत जातो. सगळा मासा एकत्र वाटून काढलेला आकडा यातले काहीच सांगणार नाही.

मासे खाणे सोडा, असे मी मुळीच म्हणत नाही. धरणावर पोट असलेल्या मच्छीमारांचा यात काय दोष? फक्त साफ करताना कल्ले, यकृत आणि कण्याखाली चिकटलेली काळपट लाल पट्टी, म्हणजे मूत्रपिंड, अंगठ्याने खरवडून टाका. डोक्याचे कालवण करणाऱ्यांनी तर कल्ले आवर्जून काढावेत. शिजवल्याने धातू जात नाही. आणि तपासणीचे आकडे भिगवण, इंदापूरच्या मासळी बाजारात मराठीत, ठळक अक्षरांत लावावेत.

– एक निवृत्त प्राध्यापिका, इंदापूर