वापरलेल्या स्पोर्ट्स कारची एक्स्टेंडेड वॉरंटी: न विचारता बिलात धरलेल्या 1,71,100 रुपयांबाबत तक्रार

जळगाव
दि. 14 मे 2026

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
वापरलेल्या गाड्यांची विक्री व वॉरंटी विभाग

विषय: प्रोफॉर्मा बिलात आधीच धरलेली वॉरंटी, तिच्या अटी आणि आपला तपासणी अहवाल यांतील विसंगती

महोदय,

2019 सालची, 46,000 किमी चाललेली दोन दारांची स्पोर्ट्स कार (टर्बो पेट्रोल, सात स्पीड ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आपल्या अ‍ॅपवरून 38 लाखांना बुक केली आहे. डिलिव्हरी बाकी आहे. बुकिंगनंतर आलेल्या प्रोफॉर्मा (अंतिम बिलाआधीच्या कच्च्या) बिलात दोन वर्षे किंवा 20,000 किमीच्या वॉरंटीचे 1,45,000 रुपये आणि 18 टक्के जीएसटीचे 26,100, असे 1,71,100 रुपये धरलेले आहेत. त्यासमोरच्या चौकटीत खूण आधीपासूनच होती. ती काढली की "ही किंमत फक्त आज" असे घड्याळ सुरू होते. अटींची पुस्तिका मागितली तर "पैसे भरल्यावर मेलवर येईल" हे उत्तर मिळाले. तीन मेल पाठवल्यावर चौदा पानांची पुस्तिका हाती आली. ती वाचूनच हे पत्र लिहीत आहे.

वॉरंटी घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. या वयाच्या ड्युअल क्लच गाडीला नीट लिहिलेली वॉरंटी असेल तर दीड-पावणेदोन लाख जास्त नाहीत. गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणे नियंत्रित करणारा) युनिट, टर्बो, हाय-प्रेशर फ्युएल पंप, यांपैकी एक जरी गेला तरी रक्कम वसूल होते. अडचण पुस्तिकेत काय लिहिले आहे ही आहे.

सर्वांत मोठी विसंगती आपल्याच दोन कागदांत आहे. तपासणी अहवालात इंजिन आणि गिअरबॉक्सपुढे "दोष नाही, फॉल्ट कोड नाही" असा शेरा आहे (फॉल्ट कोड म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाड). पुस्तिकेत मात्र "विक्रीपूर्वी अस्तित्वात असलेला दोष, मग तो ज्ञात असो वा अज्ञात" वगळला आहे, आणि पहिले 30 दिवस किंवा 1,000 किमी कोणताच दावा चालत नाही. म्हणजे तीन महिन्यांनी गिअरबॉक्स बिघडला तर तो दोष विक्रीच्या दिवशी नव्हता हे ग्राहकाने सिद्ध करायचे, आणि तो नव्हता असे लिहून देणारे आपणच!

याला जोडून एक गोष्ट. आपल्या प्रतिनिधीसमोर गाडीच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचण्याच्या जोडणीला) साधा स्कॅनर लावला होता. फॉल्ट कोड नव्हता, अहवालाप्रमाणेच. पण त्याच पडद्यावर कोड पुसल्यापासून चाललेले अंतर 38 किमी दिसले, आणि कॅटॅलिस्ट (धूर शुद्ध करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर व इव्हॅप (इंधनाची वाफ रोखणारी यंत्रणा) यांचे तीन मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतः करते त्या तपासण्या, "अपूर्ण" होते. कोड पुसले की मॉनिटर कोरे होतात. गाडी थंड इंजिनावरून सुरू होऊन काही काळ हायवेवर, काही काळ शहरात चालली की ते हळूहळू भरतात. बॅटरी काढली तरी बऱ्याच गाड्यांत असेच होते, म्हणून लबाडीचा आरोप करत नाही. मात्र अहवालात ना बॅटरीची नोंद आहे, ना कोड पुसल्याची. मॉनिटर अपूर्ण असताना "फॉल्ट कोड नाही" हे वाक्य पाटी पुसून "पाटी कोरी आहे" म्हणण्यासारखे आहे.

तोच प्रश्न रीमॅपचा, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनाचा प्रोग्रॅम बदलण्याचा. पुस्तिकेनुसार ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) "कोणताही फेरबदल आढळल्यास" पूर्ण वॉरंटी रद्द. टर्बो स्पोर्ट्स कारचा आधीचा मालक रीमॅप करून विकताना मूळ फाइल परत टाकतो, हे या धंद्यात कुणाला नवीन नाही. बऱ्याच ईसीयूत किती वेळा प्रोग्रॅमिंग झाले याची मोजणी तरीही शिल्लक राहते. ती मोजणी आणि ईसीयू ठेवत असेल तर ओव्हर-रेव्हची (इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरवल्याची) नोंद विक्रीआधी छापून द्यावी. आधीच्या मालकाची करामत दाव्याच्या दिवशी माझ्या नावावर नको.

आता पैशांचा हिशेब. आपल्याच सर्व्हिस विभागाने गिअरबॉक्स असेंब्ली बदलण्याचा अंदाज 9,40,000 रुपये दिला आहे: पार्ट 8,20,000, मजुरी 1,20,000. पुस्तिकेतल्या तक्त्यानुसार 40,001 ते 60,000 किमीच्या गाडीला पार्टच्या 60 टक्केच मिळतात, म्हणजे 4,92,000. मजुरी धरून 6,12,000. पण एका दाव्याची मर्यादा 3,00,000, आणि त्यातून प्रत्येक दाव्याला 15,000 कपात. हातात 2,85,000. ग्राहकाच्या खिशातून 6,55,000, वर भरलेले 1,71,100 वेगळेच. झिरो डेप (पार्टच्या घसाऱ्यापोटी कपात न करणाऱ्या) विम्याची सवय झालेला ग्राहक हा तक्ता आधी पाहिला तर खूण स्वतः काढेल, बहुधा म्हणूनच पुस्तिका पैशांनंतर येते. शिवाय गिअरबॉक्स उघडून पाहिल्यावर दावा नामंजूर झाला तर उघडण्याची मजुरीही ग्राहकाचीच, आणि तिचा दर कुठेही दिलेला नाही.

खान्देशातल्या गाडीला सर्वांत जास्त नडणारे कलम 9 व्या पानावर आहे: "अतिउष्णतेमुळे झालेले नुकसान वगळून". वॉटर पंप वॉरंटीतल्या भागांच्या यादीत आहे, थर्मोस्टॅट आहे, पण कूलंटचे होज, प्लॅस्टिकचे पाइप, सील आणि गॅस्केट "झिजणारे भाग" म्हणून बाहेर. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. सात वर्षांच्या प्लॅस्टिक पाइपला या उष्णतेत बारीक चीर पडते, कूलंट उतरते, इंजिन तापते, हेड (इंजिनचा वरचा भाग) आणि ब्लॉक यांमधले गॅस्केट जाते, नशीब खराब असेल तर हेड वाकते. यात वॉरंटीबाहेरचा पाइप काही हजारांचा आणि इंजिनचे काम काही लाखांचे. आणि या कलमामुळे दोन्ही ग्राहकाच्या अंगावर. यादीतला वॉटर पंप स्वतः बिघडून इंजिन तापले तरी आपण पंपच देणार, हेड नाही. गिअरबॉक्सचेही तेच. घाटात ट्रकमागे पहिल्या गिअरमध्ये रांगताना ड्युअल क्लच सतत अर्धवट घसरत राहतो आणि त्याचे तेल तापते. तापमानाचा इशारा एकदा जरी नोंदला गेला तरी "अतिउष्णता" म्हणून दावा फेटाळता येईल अशी या कलमाची भाषा आहे.

इंधनाच्या कलमाचाही खुलासा हवा. पंपावर मिळते ते ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. 2019 ची ही गाडी त्यासाठी बनलेली नाही, आणि "अयोग्य इंधनामुळे झालेले नुकसान" वगळलेले आहे. सरकारमान्य पंपावरचे नेहमीचे पेट्रोल अयोग्य धरणार का, एवढे हो किंवा नाही लिहून द्यावे.

टोइंग 50 किमीपर्यंत मोफत आहे. आपले सर्वांत जवळचे मान्य वर्कशॉप नाशिकला, जळगावहून सुमारे 250 किमी. एवढी खाली बसलेली गाडी दोरीने ओढून नेता येत नाही, फ्लॅटबेडच (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) लागतो.

वॉरंटीच्या पहिल्या पानावर आपले नाव आणि शेवटच्या पानावर "दावे हाताळणारी संस्था" म्हणून दुसरेच नाव आहे. दावा मंजूर झाल्यावर पैसे देण्याची जबाबदारी नक्की कुणाची, हेही स्पष्ट करावे. (तपासणी अहवालात टायरचा शेरा "8/10" आहे, टायरच्या बाजूला 2319 छापले आहे, म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. सात वर्षांच्या रबराला नक्षी किती उरली यावरून गुण देत नाहीत.)

मागण्या अशा:

1. वॉरंटीशिवायचे नवे प्रोफॉर्मा बिल सात दिवसांत द्यावे. डिलिव्हरी वॉरंटीवर अडवू नये.

2. गाडी किमान 150 किमी चालवून, सर्व मॉनिटर पूर्ण झाल्यावर पुन्हा स्कॅन करावी आणि तारीख व किमी आकड्यासह प्रिंट द्यावी. तो अहवाल स्वच्छ असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सला "आधीपासूनचा दोष" हे कलम लागू होणार नाही असे लेखी द्यावे.

3. वॉरंटीत असलेला भाग निकामी झाल्यामुळे होणारे पुढचे नुकसान, अतिउष्णतेसह, वॉरंटीत धरावे. एका दाव्याची मर्यादा किमान गिअरबॉक्सच्या अंदाजाइतकी असावी, टोइंग नाशिकपर्यंत असावे.

तिसरी मागणी मान्य झाली तर वॉरंटी घेईन, किंमत थोडी वाढली तरी चालेल. नाही झाली तर हेच 1,71,100 मुदत ठेवीत टाकून कूलंटचे सर्व पाइप, थर्मोस्टॅट आणि गिअरबॉक्सचे तेल-फिल्टर डिलिव्हरीनंतर लगेच बदलून घेणे जास्त शहाणपणाचे.

न विचारता बिलात जादा वस्तू घालणे 2023 च्या डार्क पॅटर्न (अ‍ॅप-वेबसाइटवर ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्या) मार्गदर्शक सूचनांत "बास्केट स्नीकिंग" म्हणून मना केलेले आहे. सात दिवसांत उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि 50 लाखांपर्यंतच्या मोबदल्याचे प्रकरण जिल्हा आयोगाकडेच चालते.

सोबत: प्रोफॉर्मा बिल, खूण असलेल्या चौकटीचा स्क्रीनशॉट, स्कॅनरच्या पडद्याचे दोन फोटो, गिअरबॉक्सच्या अंदाजाचा मेल, पुस्तिकेची 6, 9 आणि 14 ही पाने.

आपला,
बुकिंगधारक ग्राहक, जळगाव