परसातला केल : गोव्यातल्या मित्रास पत्र

फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,

केल, म्हणजे कोबीवर्गातली ती पालेभाजी, लावायचं तू मनावर घेतलंस हे बरं झालं, पण भर पावसात बी टाकू नकोस. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की सप्टेंबरच्या मध्याला बी पेरायचं, तेही छपराखाली ट्रेमध्ये. निम्मा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मं गांडूळखत, बी एक सेंटिमीटर खोल. पाच-सात दिवसांत कोंब दिसतील. मग मात्र ट्रे उजेडात सरकव, नाहीतर रोपं लांबट होऊन मान टाकतात. महिनाभरात चार-पाच पानं आली की दिवाळीच्या आगेमागे, पावसाने पाठ फिरवल्यावर जमिनीत लाव. दोन रोपांत दीड फूट अंतर. कुंडी असेल तर बारा इंची, आणि एका कुंडीत एकच रोप.

आपल्या चिऱ्याच्या तांबड्या मातीत आंबटपणा जास्त. केल हा कोबी-नवलकोलाचाच भाऊ, त्याला ती माती मानवत नाही. लावणीच्या तीन आठवडे आधी चौरस मीटरला 200 ग्रॅम डोलोमाइट, म्हणजे आंबटपणा मारणारी चुनखडीसारखी भुकटी, मिसळ. शेणखत त्याच दिवशी घालू नकोस, चुन्याशी गाठ पडली की त्यातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. आंबट आणि पाणी साचणाऱ्या मातीत मुळांना आल्याच्या कुड्यांसारख्या गाठी येऊ शकतात. माती ओली असूनही रोप दुपारी मलूल पडत असेल, तर एक उपटून मुळं बघ. गाठी दिसल्या तर त्या वाफ्यात निदान चार-पाच वर्षं कोबीवर्गातलं काही लावायचं नाही.

खरा शत्रू चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याची हिरवी बारीक अळी पान खालून खरवडते आणि वरचा पापुद्रा तेवढा खिडकीच्या काचेसारखा शिल्लक राहतो. रोज सकाळी पानं उलटून बघणं हाच निम्मा उपाय. अळ्या लहान असताना बीटी पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) लिटरला एक ग्रॅम, संध्याकाळी, पानांच्या खालून फवार. उन्हात तिचा जोर ओसरतो. माव्याला लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थोडे थेंब. युरिया मात्र हात आखडून. पानं लुसलुशीत झाली की मावा आमंत्रणाशिवाय येतो. दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत पुरे.

आता तोडणी, जिथे बहुतेकांचा हात चुकतो. खालची बाहेरची पानं आधी, देठ खाली दाबून मोडायचा. शेंड्याला हात लावायचा नाही, वर सहा-सात पानं ठेवायची. थंड मुलखात कडाक्याच्या थंडीने पानांत साखर वाढते आणि केल गोड लागतो. आपल्याकडे तशी थंडी पडतच नाही, त्यामुळे इथे गोडवा कोवळेपणातच शोधावा लागतो. पान तळहाताएवढं झालं की तोड, मोठं व्हायची वाट पाहशील तर चामडं चावशील. डिसेंबरपासून आठवड्याला एक तोडणी मिळेल. मार्च लागला की पानं कडू आणि राठ होतात. तेव्हा झाडं सरळ उपटून त्या जागी तांबडी भाजी (लाल माठ) पेर.

घरचं बी धरायच्या फंदात पडू नकोस. केलला फुलायला कित्येक आठवड्यांची थंडी लागते, ती आपल्याकडे नाही. बी विकतच घे, आणि उरलेलं हवाबंद बरणीत ठेव, आपली दमट हवा बियाणाची उगवण मारते.

भाजीला मधला जाड देठ काढून टाक. कांदा, मिरची, पानं बारीक चिरून झाकण न ठेवता परत आणि उतरवताना ओल्या नारळाचा चव. अगदी तांबड्या भाजीसारखंच. बियांचं पाकीट आणलंस की त्यावरची तारीख तेवढी कळव.

तुझाच