जागा देशाची, जोडीची नव्हे

हर्णे, ता. दापोली

प्रिय सुध्या,

पत्र मिळालं. तुझ्या भाचीच्या लेकीच्या आइस डान्सच्या, म्हणजे बर्फावर स्केट घालून जोडीने नाचायच्या खेळातल्या, जोडीला तिकडच्या उन्हाळी स्पर्धेत वरचा नंबर मिळूनही ज्युनिअर ग्रांप्रीच्या, म्हणजे कुमारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेच्या, यादीत नाव नाही, म्हणून तू तिकडच्या स्केटिंग संघटनेवर जाम उखडलायस. उखड, पण आधी हे वाच. नारळी पौर्णिमा झाली, बोटी दर्यात गेल्या, आणि मी रात्री यूट्यूबवर हीच ग्रांप्री बघत बसतो. लाइट असली तर!

सीनिअर ग्रांप्रीला खेळाडूंना नावानिशी बोलावणं येतं, ज्युनिअरला नाही. तिथे जागा देशाला मिळतात, त्याही आदल्या मोसमातल्या ज्युनिअर विश्व स्पर्धेतल्या क्रमांकांवरून. त्या जागेवर कोणाला पाठवायचं ते संघटना बघते, आणि एका जोडीला जास्तीत जास्त दोन स्पर्धा. म्हणजे ही जागा कमावली भलत्याच जोडीने. ती जोडी आता फुटली असली तरी जागा देशाकडेच राहते.

विश्व स्पर्धेचा हिशोब तर आणखी कडक. दोन जोड्यांच्या क्रमांकांची बेरीज 13 किंवा कमी आली, तर पुढच्या वर्षी देशाला तीन जागा. पाचवी नि आठवी आल्या, तीन; सहावी नि आठवी, दोनच. एका पायावर गिरक्या घेत सरकायचं ते ट्विझल, त्यात एकीचा पाय डगमगला की पुढल्या वर्षी कोणा तिसऱ्याच पोरांची संधी हुकते. म्हणून निवड समिती घरच्या, म्हणजे देशातल्या स्पर्धांतल्या, गुणांवर फार विसंबत नाही. घरचे पंच हात सैल सोडतात, हे तालुक्याच्या कबड्डीत शिट्टी वाजवलेल्या माझ्यासारख्याला कोणी सांगायला नको.

मला खटकतं ते वेगळंच. विश्व स्पर्धेला तांत्रिक गुणांची किमान मर्यादा असते, आणि ते गुण आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलेच धरतात. बाहेर पाठवलंच नाही, तर पोरांनी गुण आणायचे कुठून? माझं म्हणणं, पहिली स्पर्धा अंदाजाने द्या हवी तर, पण दुसरी पहिलीतले गुण बघूनच द्या.

तेव्हा भांडण नको. निवडीचे निकष लेखी मागा, राखीव यादीत नाव आहे का विचारा. दुखापतीने नाहीतर व्हिसाने कोणीतरी गळतंच. ग्रांप्रीबाहेरही ज्युनिअरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा असतात. नाव तिथेही संघटनेनेच पाठवायचं, तर तेही आत्ताच मागून ठेवा.

आणि तिच्या फ्री डान्सचा, म्हणजे स्पर्धेतल्या लांब नाचाचा, व्हिडिओ पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर दाबून बारका केलेला नको. पाय दिसले पाहिजेत.

तुझा,
बाळ्या